विश्लेषण : दरोडेखोर झाले पहारेकरी, माळरानावर वसले गाव… ‘सीएसआर’ कायद्याच्या शंभर वर्षे आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय केले?

मार्च अखेर जवळ आली की कंपन्यांमध्ये ‘सीएसआर’चा निधी खर्च करण्याची लगबग सुरू होते. कुठे शाळेला बाके दिली जातात, कुठे झाडे लावली जातात, कुठे रुग्णवाहिकेची किल्ली सुपूर्द होते. फोटो निघतात, अहवाल तयार होतो. पण उद्योगाची सामाजिक जबाबदारी म्हणजे वर्षाच्या शेवटी बाजूला काढायची रक्कम, की वर्षभर चालणारी कामाची पद्धत? या प्रश्नाचे एक उत्तर १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील एका ओसाड माळावर शोधले गेले. ते शोधणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या घराण्याचे सोलापूरशीही नाते आहे. त्यांचे पुत्र शंतनुराव आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक असलेले पुतणे शंकरराव या दोघांचाही जन्म सोलापूरचा.

आजचा कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिला हा नियम लागू होतो. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम या कामांवर खर्च करायची असते.

यात एक बारकावा आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम ‘सीएसआर’मध्ये धरले जात नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्चही त्यात मोजला जात नाही. म्हणजे कामावर कोणाला घेतले, त्यांना कसे वागवले, ते कुठे राहतात, या गोष्टी या हिशेबाच्या बाहेर राहतात. लक्ष्मणरावांचे मोठे काम नेमके इथेच झाले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. लक्ष्मणरावांचे मन मात्र चित्रे काढण्यात आणि यंत्रे उघडून बघण्यात रमायचे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठिंब्यावर ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

दोन वर्षांनी लक्षात आले की त्यांना काही रंगांतील फरक नीट ओळखता येत नाही. रंगांधळेपणामुळे चित्रकार होण्याचा रस्ता बंद झाला. मग त्यांनी रंगांची गरज नसलेले यांत्रिक रेखाटन शिकून घेतले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते महिना ४५ रुपये पगारावर सहायक शिक्षक झाले.

नोकरी करत असतानाच भावाच्या साथीने बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे, शिवाय सायकल चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर समूह १८८८ हे आपले स्थापना वर्ष मानतो. संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती दुसऱ्याला देण्यात आली. १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

आधी शरीरातल्या एका उणिवेमुळे आणि नंतर व्यवस्थेमुळे, असे दोनदा त्यांच्यासाठी दार बंद झाले होते.

लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे का लागली?

बेळगावच्या छोट्या कारखान्यात आधी कडबा कापायचे यंत्र तयार झाले, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन चिरत जातो, पण माती फारशी उलटत नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ पलटी करतो. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्यांनी भरलेल्या काळ्या जमिनीत हा फरक मोठा असतो. सोलापूर, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना तो वेगळा सांगायची गरज नाही.

तरीही नांगर खपेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. त्या काळात बाजारात मिळणारी यंत्रे बहुतेक परदेशातून येत आणि ती इथल्या शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नसत. लक्ष्मणरावांनी ग्राहक म्हणून शहरातला श्रीमंत माणूस निवडला नाही. ज्याच्याकडे बैलजोडी आणि काही एकर जमीन आहे, असा माणूस निवडला. पुढे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचे यंत्र, पाण्याचे पंप अशी यादी वाढत गेली, ती याच ग्राहकासाठी.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

धंदा रुळावर येत असतानाच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितले. शहराच्या नव्या वस्तीसाठी ती हवी होती. यंत्रे, भट्टी आणि माणसे घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता.

मदतीला आले औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. औंधच्या यमाई देवीच्या मंदिरातील सभामंडपाच्या कामामुळे दोघांची ओळख झाली होती. राजांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला माळ. पाणी कमी, सावली नाही. जमेची बाजू एकच, शेजारून रेल्वे जात होती.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. लक्ष्मणरावांसोबत २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे तिथे आली. कारखान्याची शेड आणि राहायची घरे यांचा विचार एकत्रच झाला. देशातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये किर्लोस्करवाडीची गणना होते. त्या सुमारास टाटांचे साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर, आकाराला येत होते. इंग्लंडमध्ये साबण कारखान्याच्या कामगारांसाठी पोर्ट सनलाइट आणि चॉकलेट कारखान्यालगत बोर्नव्हिल ही गावे वसली होती. मात्र त्या उद्योगांमागे मोठे भांडवल होते. इथे हातात कर्ज होते आणि समोर माळ.

पुढे कुंडल रोड स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

कामावर माणसे कशी निवडली?

सुरुवातीच्या साथीदारांची यादी आजच्या कोणत्याही भरती विभागाला कोड्यात टाकेल. शंभुराव जांभेकर हे एका जागी न टिकणारे, भटके म्हणून ओळखले जाणारे तरुण होते. ते कारखान्याचे नावाजलेले अभियंते झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती. त्यांचे डोके नवी यंत्ररचना सुचवण्यात चालायचे. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले आणि खोडकर म्हणून प्रसिद्ध. ते व्यवस्थापक, विक्रेते आणि कंपनीचे बाहेरच्या जगातील प्रतिनिधी झाले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब सांभाळला. रामुअण्णांकडे वसाहतीची व्यवस्था होती.

यात सर्वात जास्त सांगितली जाणारी नावे दोन आहेत : तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वसाहतीचे पहारेकरी नेमले. कारखान्याचे सामान, तयार माल आणि कामगारांची घरे यांची रात्रीची राखण त्यांच्यावर सोपवली. ती त्यांनी विश्वासाने केली.

ही गोष्ट दयाबुद्धीची म्हणून सांगितली जाते. पण ती तेवढीच नाही. दान देऊन एखाद्याला बाहेरच उभे ठेवता येते. राखणीचे काम देताना मात्र स्वतःच्या कुलपाची किल्ली समोरच्याच्या हातात द्यावी लागते. जोखीम मालकानेही घेतलेली असते.

ही निवड त्या काळात वेगळी का होती?

याचे उत्तर सोलापूरकरांना आपल्याच शहरात सापडेल. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही कडक झाला आणि अशा कुटुंबांसाठी ठिकठिकाणी सेटलमेंट उभारल्या गेल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यांतील मोठी. तारेच्या कुंपणात वस्ती, ठरलेल्या वेळी हजेरी आणि बाहेर जायचे तर परवानगी, अशी तिथली रीत होती. तिथल्या अनेकांनी शहरातील कापड गिरण्यांमध्ये काम केले.

म्हणजे काम दोन्हीकडे मिळत होते. फरक विश्वासाचा होता. सेटलमेंटमध्ये माणूस कामावर जायचा, पण त्याच्यावर पहारा असायचा. किर्लोस्करवाडीत तोच पहारेकरी होता.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. एकेकाळी गावची राखण करणारा रामोशी समाज आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे.

विश्वासावर चालणाऱ्या अशा प्रयोगाची आणखी एक खूण औंध संस्थानातच दिसते. १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिला भिंती नव्हत्या. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा म्हणून ती ओळखली जाते. सांगोल्याच्या हद्दीपासून आटपाडी तालुका लांब नाही.

वसाहतीत अस्पृश्यतेला बंदी, म्हणजे काय?

लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायला मनाई केली. आज हे वाक्य सहज वाचून पुढे जाता येते, पण काळ लक्षात घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नोकऱ्यांत ५० टक्के राखीव जागांचा आदेश १९०२ मध्ये काढला होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली ती १९५० मध्ये.

त्या काळी गावात कोणी कुठे राहायचे, हे जातीवरून ठरत असे. जुन्या गावात हा नियम मोडणे अवघड होते, कारण तो घरांच्या रचनेतच होता. नव्याने वसणाऱ्या गावाला मात्र सुरुवातीपासून वेगळी आखणी करण्याची संधी होती. वसाहतीचा मालक, कारखान्याचा मालक आणि नियम करणारा एकच असल्याने त्याचा शब्द चालत असे. ती सत्ता लक्ष्मणरावांनी या कामासाठी वापरली.

युद्धात लोखंड संपले तेव्हा?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड, कोळसा, रंग यांची टंचाई झाली. ओतशाळेला कच्चे लोखंड लागते. ते वितळवून साच्यात ओतले की नांगराचे भाग तयार होतात. लोखंडच नसेल तर भट्टी थंड पडते आणि भट्टी थंड पडली की वसाहतीतील चुलीही.

या काळात शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या, निकामी तोफा लोखंडासाठी उपलब्ध करून दिल्या. किल्ल्यावरच्या तोफा वितळून शेतीची अवजारे झाली. रंगासारख्या वस्तूंसाठी स्थानिक पर्याय शोधले गेले.

संकटातून तगलेला हा उद्योग १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीत रूपांतरित झाला. पुढच्या दशकात पंप आणि डिझेल इंजिनांचे काम सुरू झाले. विहिरीवर मोट चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या आयुष्यात या दोन यंत्रांनी मोठा बदल केला.

कारखान्यातून मासिके का निघाली?

१९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. सुरुवातीला त्याचे स्वरूप कंपनीच्या माहितीपत्रकाचे होते. सोलापुरात जन्मलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे रूपांतर विचार, विज्ञान आणि समाजसुधारणेची चर्चा करणाऱ्या मासिकात केले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके सुरू झाली.

‘स्त्री’ने महिलांचे शिक्षण, विवाह, नोकरी आणि घरातील स्थान यांवर मध्यमवर्गीय घरांत चर्चा घडवली. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचा या विषयांशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. पण लोखंडाने जमीन विषारी होते हा समज दूर करण्यात या घराण्याची दोन वर्षे गेली होती. नवी वस्तू खपायची तर नवा विचारही पोहोचवावा लागतो, हे त्यांनी अनुभवातून ओळखले होते.

१९४८ मध्ये काय झाले?

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील ब्राह्मण असल्याचे कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले सुरू झाले. किर्लोस्करवाडीतील कारखानाही जमावाने पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते.

अस्पृश्यतेला बंदी घालणारी, शिक्षा भोगलेल्यांना काम देणारी वसाहतही जातीच्या रागापासून सुटली नाही. एका कुंपणाच्या आत जात बाजूला ठेवता आली, तरी बाहेरचा समाज तसाच राहतो आणि कधीतरी आत येतो, हे या आगीने दाखवले. कारखाना पुन्हा उभा राहिला. आजही तिथे पंप तयार होतात.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील ‘लकाकी’ हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून आले आहे.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

किर्लोस्करवाडीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. तिथे जे झाले ते मालकाच्या इच्छेने झाले. घर, नोकरी आणि गावाचे नियम एकाच हातात असले की कामगाराची नोकरी जाताना छप्परही जाऊ शकते. मालक चांगला असेल तर हे सुख, नसेल तर अडकणे. पुढच्या पिढीने वेगळा विचार केला तर कामगाराकडे मागायला काही आधार उरत नाही.

म्हणूनच कायदे आवश्यक ठरले. कारखाने कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चे, भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. मालकाच्या मनातील चांगुलपणाचे त्यांनी कामगाराच्या हक्कात रूपांतर केले. पण कायदा किमान मर्यादा ठरवतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पहारेकरी नेमा, असे कोणताही कायदा सांगत नाही.

सोलापूरच्या उद्योगांसाठी याचा अर्थ काय?

सोलापूर हे कामगारांचे शहर आहे. १८७७ च्या जुन्या मिलपासून इथला गिरणी व्यवसाय सुरू झाला. आज चादर, टॉवेल, तयार कपडे, विडी आणि इंजिनिअरिंग उद्योगांवर हजारो घरे चालतात. किर्लोस्कर समूहाची ओतशाळाही इथे आहे. यातील बहुतेक लघुउद्योग ‘सीएसआर’ कायद्याच्या मर्यादेत येतच नाहीत. त्यामुळे सामाजिक जबाबदारी हा मोठ्या कंपन्यांचा विषय, असे मानून तो सोडून दिला जातो.

घरांचेच उदाहरण घेऊ. कुंभारी येथील रे नगर हा असंघटित कामगारांसाठीचा ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातील १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द झाली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या महिला यांना स्वतःचे घर मिळाले, ते सरकारी योजना आणि कामगारांच्या दीर्घ पाठपुराव्यातून. ज्या उद्योगांत त्यांनी आयुष्य घालवले, त्यांच्या हिशेबात घर हा विषयच नव्हता.

मोठ्या कंपन्यांबाबत आता नियमांची दिशाही बदलते आहे. ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, म्हणजेच ‘बीआरएसआर’ देणे बंधनकारक केले आहे. त्यात महिला कर्मचारी किती, दिव्यांग किती, वेतन किती, तक्रारींचे काय झाले, असे प्रश्न असतात. खर्च किती केला याच्या पलीकडे जाऊन कंपनी कशी चालते, हे त्यात विचारले जाते.

लक्ष्मणरावांनी हे प्रश्न अहवालासाठी सोडवले नव्हते. त्यांच्याकडे २ टक्के बाजूला काढायला मोठा नफाही नव्हता. १९१० मध्ये त्यांच्याकडे कर्ज, माळ आणि २५ कुटुंबे होती. तेवढ्यावर त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या : कामावर घेताना माणसाचा भूतकाळ किंवा गुणपत्रिका शेवटचा शब्द ठरणार नाही, कामगार जिथे राहतो तीही उद्योगाची जबाबदारी आणि बनवलेली वस्तू गरीब शेतकऱ्याच्या कामाची हवी. यातली पहिली गोष्ट करायला आजही पैसा लागत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या छोट्या युनिटमध्ये पुढची जागा भरताना दारात आलेल्यांपैकी कोणाला विचारही न करता परत पाठवले जाते, एवढे पाहिले तरी सुरुवात होते.